विचारणाऱ्याचे देणे

गेल्या सुगीच्या दिवसांत शहरातील एका संस्थेची चार माणसे आमच्या गावी आली. कर्करोगाच्या दुखण्यातून जी माणसे उठली त्यांचे पुढे काय होते, गरिबाचे काय होते व सधनाचे काय होते, याचा शोध करावयाचा आहे असे त्यांनी सांगितले. हेतू चांगला, माणसे सभ्य, बोलणे गोड. गावात व भोवतालच्या वाड्यांवर हिंडून त्यांनी असे बारा दुखणेकरी शोधून काढले. कोणाचा जबडा काढलेला, कोणाची छाती काढलेली, कोणाच्या ओटीपोटावर किरणे दिलेली. दोन दिवस प्रश्न चालले. पाटीएवढ्या यंत्रावर उत्तरे टिपली, कागदांवर अंगठे घेतले, प्रत्येकास एकेक स्टीलचा डबा दिला आणि मंडळी निघून गेली.

ह्या बारांत कुंभारवाड्यातील एक बाई होती. तीन वर्षांपूर्वी तिचे छातीचे ऑपरेशन झाले. रोग गेला, पण त्या बाजूचा हात हळूहळू सुजत गेला व मुसळासारखा जड झाला. माती मळणे सुटले, पाण्याची घागर उचलणे सुटले. तिला दीड तास प्रश्न विचारले. झोप लागते का? मरण यावे असे वाटते का? नवरा जवळ येतो का? हा शेवटला प्रश्न विचारला तेव्हा सासू शेजारीच शेंगा फोडीत बसली होती. बाईने खाली मान घालून जमेल तशी उत्तरे दिली. सगळे संपल्यावर तिने आपला एकच प्रश्न विचारला, "ताई, ह्यो हात उतरंल का वं?" त्या मुलीने यंत्रात पाहिले आणि ओशाळून म्हणाली, "मावशी, ते आमच्या फॉर्मात नाही."

त्या पोरीला आम्ही दोष देत नाही. ती पोटासाठी आली होती व तिला जेवढे शिकवून पाठविले तेवढे ती करीत होती. दोष द्यावयाचा तर प्रथम आम्ही स्वतःलाच दिला पाहिजे. त्या दिवशी दिवेलागणीस ही मंडळी शाळेत आली व बारा कागद पुढे ठेवून म्हणाली, "गुरुजी, साक्षीदार म्हणून एवढ्या सह्या करा." शाळामास्तराची साक्ष गावात चालते. आम्ही घाईत होतो, बाराही कागदांवर सह्या ठोकल्या. त्यांपैकी एकाही बोलण्याच्या वेळी आम्ही हजर नव्हतो. पुढे नियम वाचून पाहिला तेव्हा कळले की, ज्याला वाचता येत नाही त्याची संमती घेताना तिऱ्हाईत साक्षीदाराने सगळे बोलणे संपेपर्यंत तेथे बसले पाहिजे, व कागदावर लिहिलेले त्या माणसाला खरोखर समजले अशी त्याची खात्री झाली पाहिजे. आम्ही जे केले त्याला साक्ष म्हणत नाहीत. पूर्वी सावकाराच्या ओट्यावर बसून न वाचलेल्या खतावर साक्ष घालणारे जे लोक होते, त्यांच्याच पंक्तीला आम्ही त्या संध्याकाळी जाऊन बसलो.

आता ग्रामसभेत विषय निघाला आहे. "ह्यापुढे असली विचारपूस करणाऱ्या कोणासही गावात पाऊल टाकू देऊ नये," असा ठराव पुढे आला असून येत्या सभेत त्यावर हात वर व्हावयाचे आहेत. लोकांचा संताप रास्त आहे. परंतु हा ठराव मंजूर होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि तो का होऊ नये व त्याच्या जागी काय व्हावे, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे.

पहिली गोष्ट ही की, रोग गेला म्हणजे दुखणे गेले असे नाही. तोंडाचे ऑपरेशन होऊन वर किरणे दिली की पुष्कळांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. लाळ आटते, दात किडतात, भाकरीचा घास गिळवत नाही. बोलणे अस्पष्ट होते म्हणून माणूस बाजारात जाण्याचे सोडतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर किरणे घेतलेल्या बाईला लघवीचा व शौचाचा त्रास मागाहून, कधी कधी वर्षांनी, सुरू होतो. ती तो कोणापाशी बोलत नाही. शिरेतून दिलेल्या काही औषधांनी हातापायांच्या बोटांना बधिरपणा येतो. शेतात उभे राहणाऱ्यास तो जाणवतोच. पण शिंप्याला सुई बोटात आहे की पडली हे कळेनासे झाले, तर त्याचा धंदाच बसतो. शिवाय रोग उलटला तर तो लवकर कळावा म्हणून पहिली दोन-तीन वर्षे वारंवार तपासणीस जावे लागते. आणि ह्या सगळ्याच्या वर घरातली व गावातली वागणूक! कर्करोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका गोधडीत निजल्याने दुसऱ्यास होत नाही. तरी दुखणेकऱ्याचे ताट वेगळे ठेवणारी घरे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिली आहेत.

फिट्झह्यू मलन नावाच्या अमेरिकन डॉक्टराला स्वतःलाच कर्करोग झाला होता. त्यातून उठल्यावर त्याने १९८५ साली लेख लिहून वैद्यांस सांगितले की, रोगी बरा झाला किंवा मेला एवढे दोनच रकाने पुरत नाहीत. रोगानंतरचे जिणे हा एक स्वतंत्र प्रदेश आहे व त्याचा अभ्यास झाला पाहिजे. तेव्हापासून तिकडे हा अभ्यास वाढला. आपल्याकडे तो आता होऊ लागला आहे. तो बंद पडला तर कोणाचे नुकसान? शहरातील सधन माणसाचे नाही. त्याचा डॉक्टर टेलिफोनच्या अंतरावर आहे. नुकसान व्हावयाचे ते आमच्या कुंभारणीचे, शिंप्याचे व ऊसतोडणीवाल्याचे.

दुसरी गोष्ट ही की, हा अभ्यास गावात येऊनच झाला पाहिजे. शाळेच्या हजेरीवरून हे सहज पटेल. वर्गात बसलेल्या मुलांना मास्तराने विचारले की, "शाळेला येण्यात कोणाला काही अडचण आहे काय?" तर सगळी एका सुरात "नाही गुरुजी" म्हणतील. ज्याला अडचण आहे ते पोर त्या वेळी आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर असते! त्याचप्रमाणे मोठ्या रुग्णालयात तपासणीस आलेल्या लोकांनाच विचारून कोणी लिहिले की "दुखणेकऱ्यांचे बरे चालले आहे", तर ते फक्त येऊ शकणाऱ्यांचे बरे चालले आहे. जे आले नाहीत त्यांपैकी कित्येक घरी खितपत पडले असतील, कित्येक मेलेही असतील. त्यांच्या नावापुढे मात्र "पुन्हा आला नाही" एवढाच शेरा पडतो, आणि पुष्कळदा त्या शेऱ्याच्या पोटात दुसरा एक शेरा दडलेला असतो: "अडाणी, बेफिकीर".

ह्या दुसऱ्या शेऱ्याशी आमचे भांडण आहे. शेतकरी कर्जात बुडाला तर तो उधळ्या, त्याचे पोर शाळेत आले नाही तर ते मठ्ठ, आणि तो तपासणीस गेला नाही तर बेफिकीर, असे म्हणण्याची शिकलेल्या लोकांची सवय जुनी आहे. कर्करुग्णास रेल्वेत व एसटीत भाड्याची सवलत आहे, हे खरे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन, किरणे व औषधे यांचा खर्च भागतो, हेही खरे व चांगले. परंतु तपासणीला जाणाऱ्याचे दोन दिवसांचे रोज बुडतात, बरोबर येणाऱ्याचेही बुडतात. मुंबईत निजावे कोठे हा प्रश्न असतोच. गोठ्यातल्या जनावरांना वैरण कोण टाकणार हाही असतो. परळच्या पदपथावर ताडपत्री बांधून राहिलेली दुखणेकऱ्यांची बिऱ्हाडे ज्याने पाहिली, तो "पुन्हा आला नाही" ह्या शेऱ्याला बेफिकिरी म्हणणार नाही. म्हणून विषमतेचा शोध करणाऱ्याने जमीन किती, कर्ज किती, जात कोणती, रुग्णालय किती कोसांवर, हे जरूर विचारावे. अमेरिकेत वर्णाचा रकाना ठेवला म्हणूनच हे उघडकीस आले की, काळ्या स्त्रियांत छातीचा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होत असूनही त्यापायी होणारे मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. रकानाच नसता तर हा अन्याय झाकून राहिला असता. पण रकाना भरून कारण शोधावयाचे ते भाड्यात, रोजात, रस्त्यात व रुग्णालयात. जातीच्या रक्तात किंवा डोक्यात नव्हे.

मग लोकांच्या संतापाचे काय? तो आजचा नाही. न वाचलेल्या कागदावरच्या अंगठ्याने आमच्या आजापणजांची घरे बसविली आहेत. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्यास व नंतर इतरत्र शेतकऱ्यांनी सावकारांची खते काढून जाळली, ती ह्याच रागाने. त्यानंतर सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला व त्यात अशी तजवीज ठेविली की, शेतकऱ्याचे खत गावच्या रजिस्ट्रारासमोर व्हावे व त्यातील मजकूर त्याला समजला आहे याची खात्री करून घ्यावी. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पुरा केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात अक्षरशून्य शेतकरी कागदपत्रांत कसा गुंडाळला जातो हे मांडले आहे. आजच्या संमतीपत्राकडे आमचा माणूस संशयाने पाहतो, त्याच्या मागे हा शंभर-दीडशे वर्षांचा अनुभव आहे.

हेच जोतीराव १८७३ साली 'गुलामगिरी' ग्रंथ लिहितात व अमेरिकेतील हबशी गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना तो अर्पण करतात. परंतु गुलामी कायद्याने गेली तरी गरिबांच्या देहाची किंमत वाढली नाही. त्याच अमेरिकेत, अलाबामा प्रांतातील टस्कीगी येथे, १९३२ साली सरकारच्या आरोग्य खात्याने सुमारे ६०० काळ्या पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. ते बहुतेक खंडाने कापूस पिकविणारे शेतकरी होते. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंशाचा रोग होता. त्यांना रोगाचे खरे नाव सांगितले नाही. "रक्त बिघडले आहे" एवढेच सांगितले. गरम जेवण, फुकट तपासणी आणि मेल्यावर मूठमातीचा खर्च, असे आमिष दाखविले. पुढे पेनिसिलीन हे रामबाण औषध निघाले तरी ते त्यांना दिले नाही, कारण रोग अखेरपर्यंत काय करतो ते पाहावयाचे होते! हे चाळीस वर्षे चालले. १९७२ साली वर्तमानपत्रांत बोभाटा झाला तेव्हा ते थांबले, आणि १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली. त्या शेतकऱ्यांचा मूठमातीचा खर्च आणि आमच्या गावातला स्टीलचा डबा ह्या एकाच मापाच्या वस्तू आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण गरिबाला एखादी लहानशी वस्तू देऊन त्याची मोठी वस्तू घेण्याची रीत दोन्हीकडे दिसते, ती ओळखून ठेवावी.

दूर कशाला जा? तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्याचे उदाहरण घ्या. तो अभ्यास रोग होण्यापूर्वीच्या तपासणीचा होता, रोगानंतरचा नव्हता. पण धडा दोहोंस लागू आहे. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावांच्या गटांप्रमाणे चार भाग पाडले. तीन भागांतील स्त्रियांची तीन वेगवेगळ्या रीतींनी एकदा तपासणी केली. चौथ्या भागातील ३१,४८८ स्त्रियांना तपासणी न देता नेहमीच्या व्यवस्थेवर ठेवले. आठ वर्षे पाहिल्यावर असे आढळले की, विषाणूच्या तपासणीसाठी नेमलेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने मेल्या, आणि तपासणी न झालेल्या भागात ६४ मेल्या. हा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. जन्मात एकदा केलेल्या तपासणीनेही जीव वाचतो, हे आमच्या मराठवाड्यातील बायांनी जगाला सिद्ध करून दिले. ही मोठी गोष्ट आहे व ती करणाऱ्या वैद्यांचे श्रम आम्ही नाकारीत नाही.

परंतु त्या चौथ्या भागाबद्दल पुढे देशात व परदेशात वाद झाला, तो होणे योग्यच होते. वैद्यांचे म्हणणे असे की, त्या वेळी खेड्यात तपासणीची सोय मुळीच नव्हती. तेव्हा ह्या स्त्रियांपासून आम्ही काही काढून घेतले नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की, श्रीमंत देशांत ही तपासणी कित्येक वर्षे रूढ होती. तेथे कोणी स्त्रियांचा एक भाग असा बिनतपासणीचा ठेवू शकला नसता. आमच्या मते खरी मेख येथेच आहे. खेड्यात सोय नव्हती हे खेड्याचे दारिद्र्य. त्या दारिद्र्याचा अभ्यासाला उपयोग झाला. ज्याच्या दारिद्र्याचा उपयोग करून घेतला, त्याचे देणे लागते. ३१,४८८ स्त्रियांचे देणे केवळ जगाला ज्ञान दिल्याने फिटत नाही. ते त्यांच्याच गावात, त्यांच्याच लेकीसुनांना तपासणी देऊन फेडावे लागते.

देणे फेडण्याची रीत कोणाला ठाऊक नाही असेही नाही. त्याच मुलखात बार्शीस १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम ह्या तालुक्यांतील साडेतीनशेच्या आसपास गावे तिने हाती घेतली. नुसत्या रुग्णालयातील कागदांवर खेड्यातील रोग सापडत नाही, हे ओळखून तिची माणसे गावोगाव हिंडली. पण हिंडली ती नुसते नाव टिपण्यास नव्हे. अंगावरून अवेळी जाणे, तोंडातला न भरणारा व्रण, छातीतली गाठ, ही लक्षणे त्यांनी लोकांना समजावून सांगितली, ज्यांना शंका आली त्यांना तपासणीस नेण्याची तजवीज केली. परिणाम असा झाला की, गर्भाशयाच्या मुखाचा रोग घेऊन येणाऱ्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. नोंदही झाली व उपकारही झाला. विचारणारा दाराशी येताना हातात काहीतरी घेऊन आला, म्हणून दार उघडे राहिले.

आता कोणी विद्वान विचारील की, "शोध म्हणजे काय दवाखाना आहे? प्रत्येक प्रश्नामागे औषध ठेवावयाचे म्हटले तर शोधच होणार नाहीत." आम्ही औषध मागत नाही. ज्या दुखण्याचा प्रश्न विचारता, त्यावर उपाय कोठे मिळतो एवढे ठाऊक असल्याखेरीज तो विचारू नका, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्या कुंभारणीच्या हाताचेच पाहा. गावात मंडळी येऊन गेल्यावर आम्हांला आमच्या सहीची लाज वाटली व तिला आणि तिच्या मालकाला घेऊन आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. तेथील व्यायाम शिकविणाऱ्या बाईने तिला हात वर धरून करण्याचे व्यायाम, बोटांकडून खांद्याकडे हलक्या हाताने चोळण्याची रीत व पट्टी बांधण्याची रीत दाखविली. हाताला काटा लागू देऊ नको, चिखलात काम केलेस तर धुऊन तेल लाव, त्या हाताने जड उचलू नको, हात लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी ये, असे बजावले. ह्या सगळ्यास अर्धा तास लागला. हात पूर्वीसारखा झाला नाही, होईल असेही कोणी म्हणाले नाही. पण उतरला, हलका झाला, आता लहान मडकी थापण्याचे काम ती करते. दीड तास प्रश्न विचारणाऱ्यांना हा अर्ध्या तासाचा उपाय सांगता आला असता. निदान "अमुक दवाखान्यात अमुक वारी जा" अशी एक चिठ्ठी तरी देता आली असती.

कायदा व नियम ह्या बाबतीत आमच्या बाजूचे आहेत, हे वाचकांनी नीट ध्यानात ठेवावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली जे नीतिनियम प्रसिद्ध केले, त्यांत समजणाऱ्या भाषेत माहिती, गुप्तता, प्रवासखर्च व बुडालेल्या रोजाची भरपाई, संमतीपत्राची प्रत हातात देणे, कोणत्याही वेळी नकार देण्याची मोकळीक आणि अभ्यासाचे फळ त्या समाजापर्यंत पोहोचविणे, ह्या सर्व गोष्टी आहेत. २०१९ सालच्या औषध-चाचणी नियमांनी नीतिसमित्यांची नोंदणी सक्तीची केली असून, समितीत एक सामान्य माणूस बसविण्याची अट आहे. नियम चांगले आहेत. पण नियम शहराच्या कपाटात व अंगठा खेड्यात, अशी ताटातूट झाली आहे. ती आपणच मोडली पाहिजे.

सबब दार बंद करण्याच्या ठरावाऐवजी ग्रामसभेने पुढील अटींचा ठराव करावा, अशी आमची सूचना आहे.

पहिली अट: काम काय, कोणाच्या पैशाने, कोणाच्या परवानगीने, हे येणाऱ्याने प्रथम ग्रामसभेत उभे राहून आमच्या बोलीत सांगावे. नीतिसमितीचा मंजुरीचा कागद दाखवावा. पण सभेने होकार दिला म्हणजे प्रत्येकाने दिला असे नव्हे. प्रत्येकाचा होकार वेगळा व नकारही वेगळा. सरपंचाने किंवा नवऱ्याने बाईचा होकार देऊ नये.

दुसरी अट: वाचता न येणाऱ्याची संमती घेताना साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असावा, व तो येणाऱ्यांचा माणूस नसावा. दुखणेकऱ्याने ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगावे, मग अंगठा. संमतीपत्राची प्रत त्याच्या घरी राहावी. संमती झाल्यावर साक्षीदाराने उठून जावे. खाजगी उत्तरे त्यानेही ऐकण्याचे कारण नाही.

तिसरी अट: प्रश्न एकांतात. बाईला बाईने विचारावे. सासू, जाऊ, शेजारीण जवळ नसावी. ज्या प्रश्नाने एखादी बाई रडू लागेल तो प्रश्न विचारणाऱ्याला तिचे समाधान करणाऱ्या जाणत्या माणसाचे नाव ठाऊक असावे. घरोघर हिंडताना "कर्करोगाची बाई कोठे राहते" असे रस्त्यात ओरडून विचारू नये. त्याने कित्येक मुलींची लग्ने अडतात.

चौथी अट: दुखणेकऱ्याला स्पष्ट सांगावे की, तू नाही म्हणालास तरी तुझ्या उपचारात, योजनेच्या कार्डात वा डॉक्टराच्या वागणुकीत तसूभर फरक पडणार नाही. हे फार महत्त्वाचे आहे. ज्या डॉक्टराने जीव वाचविला त्याच्या नावाने कोणी आले तर आमचा माणूस उपकाराच्या ओझ्याखाली नाही म्हणूच शकत नाही. उपकारापोटी दिलेला होकार हा खरा होकार नव्हे.

पाचवी अट: बुडालेला रोज व भाडे रोख द्यावे. भांडीकुंडी वाटू नयेत. आमिष नको, पण फुकटची वेठही नको.

सहावी अट: ज्या ज्या दुखण्याविषयी विचारावयाचे त्या त्या दुखण्याच्या उपायाचे जवळचे ठिकाण लिहिलेला कागद बरोबर आणावा.

सातवी अट: निकाल गावात परत आला पाहिजे. इंग्रजी मासिकात छापून आला म्हणजे तो आम्हांस पोहोचला असे नव्हे. वर्षाने असो, दोन वर्षांनी असो, त्याच शाळेच्या ओट्यावर येऊन त्यांनी सांगावे की, तुमच्याकडून आम्ही हे घेतले, त्यातून हे निघाले आणि सरकारपाशी आम्ही हे मागितले.

आणखी एक गोष्ट आम्ही शोध करणाऱ्यांस सुचवितो. नीतिसमितीतला तो "सामान्य माणूस" पुष्कळ शिकलेला, शहरात राहणारा, पेन्शन खाणारा असा नसावा. तो शेतकरी किंवा कारागीर असावा, आणि शक्य तर स्वतः दुखण्यातून उठलेला असावा. असा एक जण बसला असता तर सासूसमोर नवऱ्याचा प्रश्न कागदावर आलाच नसता, आणि हाताचा प्रश्न आल्याशिवाय राहिला नसता.

वाचक बंधुभगिनींनो, विद्या आमच्या दाराशी आली तर तिला हाकलणे आमच्या हिताचे नाही. विद्येवाचून आपले काय झाले हे आपण पिढ्यान् पिढ्या भोगले आहे. पण विद्येने आमच्याकडून माहिती न्यावी, तिच्यावर पदव्या मिळवाव्या आणि आमच्या हातात एक डबा ठेवावा, हा व्यवहार बरोबरीचा नाही. उसनवारीचा व्यवहार उघड असावा: काय नेले, कधी परत करणार, साक्षीला कोण.

येत्या ग्रामसभेत आम्ही ह्या सात अटी वाचून दाखविणार आहोत. त्या आधी त्या बारा जणांच्या घरी जाऊन, न ऐकता सही केल्याबद्दल त्यांची माफी मागणार आहोत. ह्यापुढे कोणाच्या अंगठ्यावर आमची साक्ष पडेल ती आधी सगळे ऐकूनच पडेल.